मिठाचा मान

म्हाईच्या दिवशी सकाळी म्हशीची धार काढून आल्यावर पृथ्वीराजनं बादली कट्ट्यावर ठेवली आणि वर्षाराणीकडं न बघताच म्हणाला, "आज तेवढा हात आखडू नगंस. आजचा दिवस."

एवढं बोलून तो पाय ओढत गोठ्याकडं गेलासुद्धा. वर्षाराणी चुलीपुढं तशीच बसून राहिली. दोन वर्षांत ह्या माणसानं मिठाविषयी चकार शब्द काढला नव्हता. ताटात पडेल ते खायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि उठायचं. भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला कितीदा वाटलं होतं. भांडणाऱ्या माणसाला उलट बोलता तरी येतं.

आज मरगूबाईची म्हाई. वर्षातनं एकदा देवीच्या नावानं बकरं पडायचं, सगळी भावकी घरामागच्या परड्यात जमायची, आणि एरवी बांधावरनं एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं मांडीला मांडी लावून जेवायची. मटणाचं सगळं पुरुषांकडं. पण तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात मीठ घालायचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. मान म्हणजे खरं तर जोखीमच होती, कारण देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय रश्श्याची चव घ्यायची नाही. जिभेला तिथं काम नाही, सगळा कारभार हाताचा. हात चुकला की साठ-सत्तर माणसांची ताटं चुकली.

सासू चिमणाबाईंनी मरायच्या आदल्या वर्षी तिला परड्यात उभी करून शिकवलं होतं. "तांबड्यात चार वंजळी, पांढऱ्यात दोन. आन् जिभंला इचारायचं न्हाय, हाताला इचारायचं. हाताला सगळं ठावं असतंय." तेव्हापासून वर्षाराणीचा हात एकदाही चुकला नव्हता; गेल्या वर्षी तेवढी सुतकामुळं म्हाईच झाली नव्हती. आजऱ्याहून आलेल्या ह्या पोरीच्या हातात तराजू आहे, असं भावकीतली म्हातारी माणसं म्हणायची. माहेरच्या घनसाळ तांदळाचं पोतं आणि हा हात, एवढंच घेऊन ती ह्या घरात आली होती.

आणि पृथ्वीराज? त्यानं तिच्या स्वयंपाकाला 'चांगलं झालंय' असं उभ्या जन्मात म्हटलं नाही. त्याची तऱ्हाच वेगळी. जेवण झाल्यावर उठायचाच नाही. हात वाळून कडक व्हायचा, रश्श्याचा रंग नखांत बसायचा, तरी हा पाटावर तसाच. चिमणाबाई ओरडायच्या, "आरं मुडद्या, खरकट्या हातानं काय बसलाईस? हात धू की!" त्यावर हा म्हणायचा, "धुवू वाटंना गं आई." म्हणायचं आईला आणि बघायचं दाराआड उभ्या असलेल्या बायकोकडं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तो शब्द आला की वर्षाराणीच्या कानाच्या पाळ्या अजून तापायच्या.

दोन वर्षं तो शब्द घरात आला नव्हता.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो फाउंड्रीवर सुपरवायझर होता. कारखान्याच्या तपासणीत बीपी जास्त आहे म्हणून दोनदा सांगितलेलं. "डोकं दुखत न्हाय, चक्कर येत न्हाय, कसलं बीपी?" म्हणून ह्यानं ते हसण्यावारी नेलं. घरात ताटाला लोणचं पाहिजे, खर्डा पाहिजे, शिवाय वर मिठाची चिमूट पाहिजेच. मग एका दुपारी चहाचा कप हातातनं गळाला, तोंड वाकडं झालं आणि माणसांनी उचलून कोल्हापूरला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई अवंतिका तरुण होत्या, पण समजावून सांगायच्या. "शेताला पाइपलाइन आहे ना तुमच्या? मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठून राहतं. नळी तेवढीच, पाणी जास्त. मग दाब वाढतो. बरीच वर्षं काही दुखत नाही, खुपत नाही. पण पाइप शेवटी कुठं फुटतो?"

"जॉइंटला," पृथ्वीराज वाकड्या तोंडानं म्हणाला होता.

"तुमचा डोक्यातला फुटता फुटता राहिला. काळजाचा आहे, मूत्रपिंडाचा आहे, अजून बरेच आहेत. गोळी एकही दिवस चुकवायची नाही. आणि मीठ दिवसाला सगळं मिळून चहाच्या चमच्याहून कमी. सगळं मिळून म्हणजे लोणचं, पापड, खर्डा, फरसाण, पाव, बिस्किट, सगळं."

वर्षाराणीनं घरी येऊन पहिलं काम केलं ते लोणच्याची बरणी उचलली आणि जाऊबाईच्या घरी नेऊन ठेवली. मोना ही धाकट्या दिराची, अमरसिंहाची बायको, दोन घरं सोडून राहणारी. बरणीमागनं पापड गेले, सांडगे गेले, खर्ड्याचा दगडी खल गेला. पहिले दोन महिने तिनं भाजीत सैंधव घातलं. उपासाला चालतं म्हणजे ते काही खरं मीठ नव्हे, अशी तिची आपली समजूत. डॉक्टरबाई हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार. "रंग वेगळा, मीठ तेच," एवढंच म्हणाल्या. मग सैंधवही गेलं. नंतर ती मीठ घ्यायची ते दोन बोटांच्या टोकांनी, विस्तवाला हात लावावा तसं. लिंबू, चिंच, लसूण, कोथिंबीर, ओलं खोबरं, जे सुचेल ते घालून बघितलं. तीही तेच जेवायची. बीपी खाली आलं, तोंड सरळ झालं. डाव्या पायाची ओढ तेवढी राहिली.

आणि माणूस गप्प झाला, तो झालाच.

त्यात त्यानं नवंच सुरू केलं. तिन्हीसांजेला डेअरीला दूध घालून आला की सरळ अमरच्या घरी जायचं. तिथं बराच वेळ बसायचं आणि मग घरी येऊन भाकरीचा तुकडा मोडायचा. लोणच्याची बरणी तिथं, खल तिथं आणि नवराही तिथं. वर्षाराणीनं काय ते ओळखलं. आपल्याकडं तो गिळतो आणि जेवतो तिकडं, असं तिच्या मनानं घेतलं, आणि तिच्या मनानं एकदा घेतलं की ते सुटत नसे. मोनाशी बोलणं 'ये', 'बस', 'येते' एवढ्यावर आलं. नवरा दुसऱ्या बाईकडं जातो म्हणून बायका रडतात. हिचा नवरा भावजयीच्या खर्ड्याकडं जात होता. हे दुःख सांगायचं तरी कुणाला?

"आक्का, काटवट सरकवा की इकडं," मोना म्हणाली.

दोघी परड्याच्या कडेला भाकरी थापत बसल्या होत्या. पलीकडं तीन दगडांच्या चुलीवर तांबड्याचं पातेलं रटरटत होतं. चुलत सासरे आकारामआबा टॉवेल डोक्याला गुंडाळून भली मोठी पळी फिरवत होते. बाकी पुरुष सल्ले देत होते.

वर्षाराणीनं पिठाची काटवट सरकवली.

"किती दिस चालायचं ह्ये?" मोनानं भाकरी तव्यावर टाकली. "दादा आमच्याकडं येत्यात म्हणून तुमी माझ्यावर रागावलाईसा. मला कळतंय."

"मी कशाला रागावू? भावाचं घर हाय. येतील, जेवतील."

"जेवत्यात? अवं, चहाबिगर त्यांनी आमच्यात काय तोंडात घातलं न्हाय."

"मग काय तासभर भजन करत्यात व्हय?"

मोनानं तव्यावरची भाकरी उलटली. "येत्यात. चुलीच्या दारात बसत्यात. म्हणत्यात, मोना, खर्डा वाट की. मी मिरच्या-लसूण भाजत्या, खलात घालत्या, वर जाडं मीठ टाकत्या. ते डोळं झाकून बसत्यात. ताटलीत काढून दिला तर म्हणत्यात, नगं, मी वासाला आलतो. आन् उठून घरला जात्यात."

वर्षाराणीचा भाकरीवरचा हात थांबला. मग तिनं ती पुन्हा थापायला घेतली. "वासानं पोट भरत असतं तर आपण ह्या भाकऱ्या कशाला थापत बसलो असतो गं?"

"मरगूबाईची आण घेत्या मी."

"घरच्यांसाठी खोटी आण घेणारी लई बघितल्यात मी."

मोनाचं तोंड उतरलं. भाकरी करपली, तरी तिला कळलं नाही. वर्षाराणीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण विश्वास बसत नव्हता त्याला ती तरी काय करणार? तासभर वास घेऊन कोरडा उठणारा पुरुष तिनं आजवर पाहिला नव्हता. आणि समजा खरंच असेल, तर त्याहून वाईट. मग तो रोज तळमळत होता आणि तिच्याशी एका शब्दानं बोलत नव्हता.

"वर्षाराणी!" आकारामआबांनी हाळी दिली. "ये गं पोरी, मीठ घाल."

ती उठली, हात धुतले, पदर खोचला. जाड्या मिठाची पाटी पातेल्याशेजारी ठेवलेली होती. माणसं बाजूला झाली.

"आज दवाखान्यातला रस्सा करू नगंस बाई," आबा म्हणाले. "मलाबी बीपी हाय. डोकं दुखलं की मी गोळी खातोय, एरवी खात न्हाय. काय झालंय मला?"

"आबा, डोकं दुखायची वाट बघायची नसती," ती म्हणाली. "ह्यांचं कुठं दुखलंतं?"

आबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अमरसिंह मध्ये पडला. "वहिनी, असं करूया की. मीठ घालायच्या आदी दादाचं वाटीभर येगळं काढू. म्हणजे तुमालाबी घोर न्हाय आन् आमालाबी चव."

भावकीनं माना हलवल्या. तोडगा नामी होता. पण खाटेवर बसलेला पृथ्वीराज एकदम ताठ झाला. "मला येगळं वाढलंसा तर मी पंगतीतनं उठून जाईन. म्हाईचं ताट हाय. आजाऱ्याचं न्हवं."

तो वर्षाराणीकडं बघत होता. दोन वर्षांनी तो असा सरळ तिच्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता. काहीतरी मागत होता तो. लहानपणापासून जे खाल्लं, ज्याच्यावर वाढला, ते एकदा, फक्त एकदा.

पाटीपुढं वाकलेल्या वर्षाराणीच्या डोक्यात डॉक्टरबाईंचा आवाज आला. एका दिवसानं माणूस मरत नाही हो, त्या म्हणाल्या होत्या, पण त्या एका दिवसानंतरचे दिवस सांभाळा. ती तेच दिवस सांभाळत आली होती. सणाचा दिवस, लग्नाचा दिवस, पाव्हण्यांचा दिवस, सगळे तिनं मन घट्ट करून परतवले होते. पण आज तिलाच नको झालं. तिला तो जिवंत पाहिजे होता, हे तर खरंच. पण जिवंत राहिलेला हा गप्प माणूस आपलाच का, हे तिला कळेनासं झालं होतं. हात वाळवत पाटावर बसणारा, डोळ्याच्या कोपऱ्यानं दाराकडं बघणारा तो मेलेलाच होता की. एकदा, एकदाच तो परत यावा. तो शब्द एकदा कानावर पडावा. मग उद्यापासून पुन्हा दोन बोटांची चिमूट, पुन्हा चिंच आणि लिंबू.

घालते, तिनं ठरवलं. आत्याबाईंनी शिकवलेल्या मापानं घालते. काय व्हायचं ते होऊ दे.

तिनं ओंजळ भरली, डोळे मिटले, मरगूबाईला हात जोडता येत नव्हते म्हणून मान लववली आणि रश्श्यात मीठ सोडलं. एक. दोन. तीन. चार. पांढऱ्यात दोन. आबांनी पळी फिरवली. वाफ तोंडावर आली आणि तिला रडू फुटेल असं वाटलं. म्हणून ती घाईनं भाकरीकडं गेली.

नैवेद्य गेला, देवीची आरती झाली, पंगत बसली. वर्षाराणी भाकरीची बुट्टी कमरेवर घेऊन पडवीच्या खांबापाशी उभी राहिली. तिथनं पृथ्वीराज नीट दिसत होता. त्यानं भाकरी कुस्करली, तांबड्याची वाटी वर ओतली, बोटं आत घातली.

पण पहिल्यांदा बोलला तो पृथ्वीराज नव्हेच. "वर्षाराणी!" आकारामआबांचा आवाज पंगतीच्या टोकाकडनं आला. "मीठ इसरलीस व्हय गं?"

"आळणी हाय की!" कुणीतरी म्हणालं. मग सगळेच बोलू लागले. हसू पिकलं.

"आळणी?" तिच्या हातातली बुट्टी कलली. "आबा, तुमच्या म्होरं घातलं की! चार वंजळी घातल्या!"

"घातल्यास खऱ्या. पर चिमणावैनीच्या वंजळी घातल्यास का चिमणीच्या?"

पंगत खो खो हसली. वर्षाराणीनं बुट्टी खाली ठेवली आणि आपले हात पाहिले. दोन्ही तळवे जोडून ओंजळ करून पाहिली. बोटं नीट वाकलीच नाहीत. तळवे पसरट राहिले, मधे खोलगटपणा म्हणून नाही. दोन वर्षं मिठाला भिऊन भिऊन हात असा झाला होता, आणि तिला पत्ताही नव्हता. हाताला सगळं ठावं असतं, हेच खरं. तिनं कितीही ठरवलं तरी हातानं ऐकलं नव्हतं. आत्याबाईंचा मान तिनं भर पंगतीत घालवला होता, आणि ज्याच्यासाठी घालवला त्यालाही काही मिळालं नव्हतं.

मोनानं ताटलीत मीठ आणलं. मीठ हातात द्यायचं नसतं, भांडण होतं. म्हणून तिनं ताटली आबांपुढं जमिनीवर ठेवली. आबांनी चिमटीनं घेतलं आणि ताटली पुढं सरकवली. शेजाऱ्यानं घेतलं, सरकवली. अशी ती ताटली एकेका माणसापुढं थांबत, रिकामी होत पंगतीतनं पुढं पुढं येऊ लागली. अमरसिंहानं घेतलं. अमरसिंहाच्या पलीकडं पृथ्वीराज होता.

वर्षाराणीला तिकडं बघायचं नव्हतं, तरी ती बघत होती.

ताटली त्याच्यापुढं आली. त्यानं खरकटा हात वर धरला, डाव्या हातानं ती ताटली पलीकडं सरकवली आणि पुन्हा भुरका मारला.

"आरं घे की पृथ्वी!" आबा ओरडले. "आज सूट हाय तुला. बायको काय बोलत न्हाय."

"कशाला?" पृथ्वीराजनं मान वर केली. त्याला खरंच समजलेलं दिसत नव्हतं. "मीठ बरोबर हाय की."

"बायकोला भितोय!" पलीकडनं कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसू झालं.

"भ्यायचं काय त्यात? आईच्या हातच्यावानी झालाय रस्सा. किती दिसानं असा खाल्ला." त्यानं वाटी तोंडाला लावून तळ गाठला. "तुमच्याच जिभा मेल्यात लेको. अमर, खरं सांग, आळणी लागतंय तुला?"

"पाणी लागतंय पाणी," अमरसिंह म्हणाला.

वर्षाराणी वळली आणि पातेल्यापाशी गेली. नैवेद्य होऊन गेला होता, आता चव घ्यायला हरकत नव्हती. पळीतला थेंब तिनं तळहातावर घेतला, चाटला. तिखट, मटणाचा वास, खोबरं, आणि मीठ. अगदी बेताचं, जिथं पाहिजे तिथं. बरोबर होतं. साऱ्या पंगतीत तो रस्सा दोघांच्याच जिभेला बरोबर होता.

मग तिला हळूहळू कळलं. रोज संध्याकाळी मीठ खाणाऱ्या जिभेला हा रस्सा बरोबर लागणं शक्य नव्हतं. मोनाच्या चुलीपुढं डोळे मिटून बसणारा माणूस खरंच कोरडा उठत होता. दोन वर्षं, एकही दिवस न चुकता, तो तिच्याच ताटावर येऊन जेवत होता. तिच्या जिभेबरोबर त्याची जीभ बदलत गेली होती. दोघं एकाच ठिकाणी पोचले होते, आणि वाटेत एकमेकांशी बोलले मात्र नव्हते.

मोना मिठाची रिकामी ताटली घेऊन शेजारी आली. वर्षाराणीनं तिचा हात धरला, पिठानं खरबरीत झालेला. "खल तुझ्याकडंच राहू दे," ती म्हणाली. "पर उद्याच्याला खर्डा वाटलास की मलाबी हाक मार. वासाला यीन मी."

मोना हसली आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

पंगत उठली. माणसं हौदावर हात धुवायला गेली, चुळा भरल्याचे आवाज आले. पाचसहाजण अजून आबांच्या विनोदावर हसत होते. भरल्या पोटाची माणसं खाटांवर पसरली. खरकटी ताटं गोळा करत वर्षाराणी पंगतीच्या मध्यापर्यंत आली.

पृथ्वीराज तिथंच बसला होता. ताट चाटूनपुसून स्वच्छ होतं. उजवा हात गुडघ्यावर उताणा पडला होता, बोटांवर तांबडं वाळून कडक झालं होतं. तो कुणाकडंच बघत नव्हता. मग त्यानं वर पाहिलं, डोळ्याच्या कोपऱ्यानं, दाराआड उभ्या नसलेल्या, समोरच उभ्या असलेल्या तिच्याकडं.

"हात धुवा की," ती म्हणाली.

"धुवू वाटंना," तो म्हणाला.